पाय ताठ आहेत, पण त्यात नेमकं काय ताठ आहे?

प्रश्न गडहिंग्लज तालुक्यातल्या पालकांचा आहे. मुलगा साडेचार वर्षांचा, वजन १४ किलो, जन्म ३१ व्या आठवड्यातला. सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल बिघडण्याचं, निदान झालेलं आहे. एमआरआयमध्ये मेंदूतल्या पोकळ्यांभोवतीच्या पांढऱ्या भागाला इजा दिसते. बोलतो, सगळं समजतं, हात बऱ्यापैकी चालतात. दोन्ही पाय ताठ, वॉकर धरून चवड्यांवर चालतो, दमला की पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. कोल्हापुरात तीन ठिकाणी दाखवलं. एकांनी ताठरपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेनच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन सांगितलं, तिसऱ्यांनी टाचेची शीर (पोटरीला टाचेशी जोडणारी दोरी) सोडवायचं ऑपरेशन. शिवाय गावाकडचे मालिशवाले म्हणतात, सहा महिन्यांत पाय सरळ करून देतो. कोणाचं ऐकायचं?

मुलाला हात लावून तपासल्याशिवाय पक्कं कोणी सांगू नये, पण या वर्णनावरून एवढं नक्की म्हणता येतं: या वयात फक्त टाचेची शीर सोडवू नका. एकट्या बॅक्लोफेनने टाचा टेकणार नाहीत. पोटरीत बोटॉक्स, त्यापाठोपाठ प्लास्टर आणि मग एएफओ (घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा प्लास्टिकचा साचा) हा रस्ता बहुधा बरोबर आहे, पण तोसुद्धा एका साध्या तपासणीवर ठरतो. आणि या सगळ्याच्या आधी खुब्यांचा एक्स-रे. तो झालेला नसेल तर याच आठवड्यात काढा.

आता तपासणी. पाय ताठ असण्याची कारणं तीन आणि तिन्हींचे उपाय निराळे. पहिलं कारण स्पास्टिसिटी. मज्जारज्जूतल्या प्रतिक्षिप्त क्रियेवर मेंदूचा लगाम राहिलेला नसतो, त्यामुळे स्नायू झटकन ताणला की तो उलट आकसतो. हळू ताणला तर येऊ देतो. म्हणजे हा ताठरपणा वेगावर अवलंबून असतो. दुसरं कारण डिस्टोनिया. यात ताठरपणा क्षणाक्षणाला बदलतो: मूल चिडलं, हसलं, काही उचलायला गेलं की वाढतो आणि झोपेत पाय लोण्यासारखे मऊ. जन्मानंतरच्या तीव्र काविळीने किंवा जन्माच्या वेळी गुदमरल्याने इजा झालेल्या मुलांत हा प्रकार जास्त, आणि बऱ्याच मुलांत दोन्ही एकत्र असतात. तिसरं कारण कॉन्ट्रॅक्चर, म्हणजे स्नायूच लांबीला आखूड राहिलेला असतो. हाडं वाढतात, ताठ स्नायू त्या वेगाने वाढत नाही. हा ताठरपणा झोपेतही जात नाही, भूल दिली तरी जात नाही, आणि कोणत्याही गोळीने किंवा इंजेक्शनने जात नाही. बोटॉक्स देऊनही ‘काही फरक पडला नाही’ असं ऐकू येतं, त्यातल्या बऱ्याच मुलांचा प्रश्न कॉन्ट्रॅक्चरचा असतो.

हे तिन्ही वेगळे काढायला मशीन लागत नाही. मूल शांत असताना, रडारड नसताना, पाठीवर झोपवायचं, गुडघा सरळ ठेवायचा. टाच तळहातात धरून पाऊल किंचित आत वळवायचं. असं का, तर न वळवता पाऊल वर ढकललं की घोट्याऐवजी पावलाचा मधला भाग वाकतो आणि घोटा वर आल्याचा भास होतो. मग पाऊल अगदी सावकाश वर न्यायचं आणि जिथे थांबेल तो कोन मोजायचा. पाऊल नडगीशी काटकोनात म्हणजे शून्य. त्याच्या वर अधिक, खाली उणे. त्यानंतर तीच हालचाल झटक्यात करायची. मध्येच कुठेतरी ‘अडक’ लागते. तो दुसरा कोन. समजा सावकाश नेल्यावर पाऊल अधिक ५ पर्यंत गेलं आणि झटक्यात उणे २० ला अडकलं. अंतर २५ अंश. एवढं अंतर म्हणजे स्नायूला लांबी आहे, अडथळा स्पास्टिसिटीचा आहे, इथे इंजेक्शन काम करेल. पण सावकाशसुद्धा उणे १५ आणि झटक्यातही उणे २० असेल, तर स्नायूच आखूड आहे. तिथे प्लास्टर किंवा पुढे शस्त्रक्रिया, इंजेक्शनवर पैसे घालवू नयेत. या पद्धतीला टार्ड्यू म्हणतात. फाईलवर नुसतं ‘अॅशवर्थ ३’, म्हणजे ताठरपणाचा एकच आकडा, लिहिलेलं असेल तर दोन्ही कोन मोजून लिहून द्यायला सांगा. अॅशवर्थचा एक आकडा स्पास्टिसिटी आणि आखूडपणा वेगळे दाखवत नाही.

लगेच पुढची पायरी: गुडघा वाकवून घोटा पुन्हा सावकाश वर न्या. वाकवल्यावर घोटा चांगला वर येत असेल तर फक्त पोटरीतला वरचा स्नायू, गॅस्ट्रोक्नेमियस, धरलेला आहे. गुडघा वाकवूनही येत नसेल तर आतला सोलियससुद्धा. इंजेक्शन कुठे आणि किती, हे यावर ठरतं. मांडीमागचे आणि जांघेतले स्नायूही असेच दोन वेगांत तपासून घ्यायचे.

एक गोष्ट पालकांना सहसा कोणी सांगत नाही. ताठ स्नायू हा कमजोर स्नायूही असतो. मुलगा ज्या पायांवर उभा राहतो त्याला त्या ताठरपणाचा थोडा आधारही असतो. सगळा ताठरपणा काढून टाकला आणि मांडीपुढचे, कुल्ल्यांचे स्नायू कमजोर राहिले तर काल वॉकर धरून उभं राहणारं मूल आज गुडघ्यात बसतं. म्हणून उपचाराआधी काय साधायचं ते ठरवून लिहून ठेवा, आणि ते मोजता येईल असं असू द्या: टाच टेकवून वॉकरने अंगणातून रस्त्यापर्यंत जाणं, पाइप धरून भारतीय संडासात बसून उठणं, बूट दहा मिनिटांऐवजी दोन मिनिटांत चढणं, हाताला धरून एसटीची पहिली पायरी चढणं. ‘पाय मोकळे व्हावेत’ हे उद्दिष्ट नव्हे.

अपेक्षांबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. हालचालीच्या क्षमतेची जीएमएफसीएस नावाची पाच पातळ्यांची मोजणी आहे: पहिली सर्वांत सौम्य, पाचवी सर्वांत गंभीर. वॉकर धरून चालणारा मुलगा तिसऱ्या पातळीवर येतो. या पातळीवरची मुलं आपल्या एकूण क्षमतेच्या साधारण ९० टक्क्यांपर्यंत पावणेचार वर्षांच्या आसपास पोहोचतात, असं मोठ्या पाहणीतून दिसलेलं आहे. म्हणजे उपचाराने मूल तिसऱ्यावरून पहिल्या पातळीवर जात नाही. उपचाराचं काम दुसरं: आहे ती चाल टिकवणं, ती कमी कष्टाची करणं, आणि वाढीच्या वयात पाय, गुडघे, खुबे बिघडू न देणं. कोणी ‘वॉकर सोडवून देतो’ अशी हमी देत असेल तर सावध राहा.

बॅक्लोफेन. ही गोळी सगळ्या शरीरावर काम करते. पाय, हात, मान, धड, सगळंच थोडं सैल. चौथ्या-पाचव्या पातळीवरच्या, अंगभर ताठ असलेल्या, कपडे बदलतानाही त्रास होणाऱ्या मुलाला तिचा उपयोग होतो. तुमच्या मुलाचा त्रास मुख्यतः पायांचा, त्यामुळे फायदा थोडा आणि पेंग जास्त अशी शक्यता. दिलीच असेल तर नियम असे: १० मिलिग्रॅमच्या गोळीचा चतुर्थांश, म्हणजे २.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात. पाच ते सात दिवसांच्या अंतराने थोडी थोडी वाढ. दिवसाची मात्रा तीन वेळांत विभागून. पहिल्या आठवड्यात झोप येते, ती बहुधा ओसरते. लाळ वाढली, मान पडू लागली, बद्धकोष्ठ झालं किंवा फिट्स वाढल्या तर मात्रा जास्त होते आहे. लगेच डॉक्टरांशी बोला. पण गोळी एकदम बंद करू नका. अचानक थांबवली तर ताठरपणा उसळून येतो, ताप, भास, फिट्ससुद्धा येऊ शकतात. बंद करायची ती आठवड्या-आठवड्याने उतरवत. पावसाळ्यात हे विशेष लक्षात ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूरजवळच्या शिरोलीपाशी महामार्गच पाण्याखाली गेला होता. अशा वेळी गोळी संपली असं होऊ नये. जून ते सप्टेंबर घरात किमान पंधरा दिवसांचा साठा हवा.

रात्री पाय आखडून झोपमोड होत असेल, तर झोपताना डायझेपामची छोटी मात्रा हा जुना, स्वस्त आणि थोड्या काळासाठी चांगला उपाय आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या अभ्यासात याने मुलांची झोप आणि दिवसाची वागणूक सुधारल्याचं दिसलं होतं. मात्र सवय लागते, म्हणून कायमचं नाही. डिस्टोनिया जास्त असेल तर ट्रायहेक्सीफेनिडिल या औषधाचा विचार होतो; तो विषय वेगळा.

आता बोटॉक्स, कारण निर्णय मुख्यतः याचाच आहे. स्नायूला आकसण्याचा निरोप मज्जातंतूच्या टोकाशी अॅसिटिलकोलीनमार्फत पोहोचतो. बोटुलिनम टॉक्सिन तो निरोप अडवतं. परिणाम दोन-तीन दिवसांत सुरू होतो, चार ते सहा आठवड्यांत सर्वांत जास्त, आणि तीन ते चार महिन्यांत ओसरतो, कारण तंतूची टोकं पुन्हा कामाला लागतात. म्हणजे हा कायमचा उपाय नाही. बारा-चौदा आठवड्यांची मुदत मिळते. त्या मुदतीत स्नायूला लांबी मिळाली आणि मुलाने नव्या पद्धतीने चालण्याचा सराव केला, तर कमावलेलं काही टिकतं. नुसतं इंजेक्शन घेऊन घरी बसलं तर चौथ्या महिन्यात पाय आणि खिसा दोन्ही होते तिथे.

मात्रेचा हिशेब पालकांनीही समजून घ्यावा. अमेरिकेतल्या मान्य मात्रेनुसार मुलांच्या पायांसाठी बोटॉक्सची मर्यादा किलोला ८ युनिट किंवा एकूण ३०० युनिट, यातलं जे कमी असेल ते. १४ किलोला ११२ युनिट. अनुभवी केंद्रं काही मुलांत याहून जास्त वापरतात, पण पहिल्या वेळी या मर्यादेत राहणं शहाणपणाचं. म्हणजे १०० युनिटची एक बाटली. ती २ मिली सलाइनमध्ये विरघळवली की दर मिलीत ५० युनिट. दोन्ही पोटऱ्यांतल्या वरच्या स्नायूला आतली आणि बाहेरची अशी दोन डोकी, म्हणजे चार जागा. प्रत्येक जागी अर्धा मिली, २५ युनिट. बाटली इथेच संपते. जांघ आणि मांडीमागचे स्नायू उरतात. तेच औषध सहा-आठ स्नायूंत थोडं थोडं वाटलं तर कुठेच पुरेसं होत नाही. ‘बोटॉक्स लागलं नाही’ याचं हे दुसरं मोठं कारण. या मुलात आधी पोटऱ्या घ्याव्यात, असं माझं मत. मात्र चालण्याचा व्हिडिओ बघून कात्री जास्त अडवते आहे असं ठरलं तर क्रम उलटा. जांघेसाठी दुसरा पर्याय आहे: जांघेच्या स्नायूंना निरोप नेणाऱ्या ऑबट्युरेटर मज्जातंतूजवळ फिनॉल या रसायनाचं इंजेक्शन. बोटॉक्सच्या तुलनेत फिनॉल फारच स्वस्त आणि परिणामही जास्त दिवस. पण द्यायला हात बसलेला हवा, मुलाला भूल लागते, आणि त्वचेची संवेदना नेणाऱ्या तंतूजवळ गेलं तर आग होणाऱ्या वेदना मागे राहतात. म्हणून पोटरीत फिनॉल नको.

विचारून घ्यायच्या गोष्टी. सुई सोनोग्राफीत बघून किंवा स्टिम्युलेटर (विजेच्या सौम्य झटक्याने स्नायू ओळखणारं यंत्र) लावून देणार का? लहान मुलाच्या बारीक पोटरीत नुसतं हाताने चाचपून दिलेलं औषध शेजारच्या स्नायूत जाऊ शकतं. ब्रँड कोणता? बोटॉक्सचे युनिट आणि डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडचे युनिट सारखे नसतात, एकाचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही. फाईलवर ब्रँड, बॅच आणि प्रत्येक स्नायूतले युनिट लिहून घ्या. बाटली तुम्हालाच औषध दुकानातून आणायला सांगितली तर ती २ ते ८ अंश तापमानातच राहिली पाहिजे: थर्माकोलचा डबा, आइसपॅक, आणि बर्फ थेट बाटलीला लागू न देता. एसटीत मांडीवर पिशवीत धरून दीड-दोन तास आणलेल्या औषधावर भरवसा ठेवता येत नाही. सुई टोचायच्या तासभर आधी त्या जागी बधिर करणारं क्रीम लावून वर प्लास्टिक चिकटवलं तर दुखणं बरंच कमी होतं. बरीच मुलं थोड्या गुंगीवर ठेवतात, त्यासाठी सहा तास खाणं-दूध बंद.

धोका कमी असला तरी आहे. दोन-चार दिवस पोटरी दुखणं, थोडा ताप, काही काळ जास्त पडणं हे चालतं. गिळताना ठसका, आवाज बसणं, श्वासाला त्रास असं काही आढळलं तर थेट दवाखाना गाठा. मुळातच गिळायला त्रास असलेल्या, वारंवार छाती भरणाऱ्या मुलांत हा धोका जास्त. नंतरच्या आठवड्यांत दुसऱ्या आजारासाठी जेंटामायसिन किंवा अमिकासिन ही प्रतिजैविकं सुरू होणार असतील तर बोटॉक्स दिल्याचं सांगा; ही औषधं कमजोरी वाढवतात.

इंजेक्शननंतर दहा ते चौदा दिवसांनी प्लास्टर. यालाच सीरियल कास्टिंग म्हणतात आणि आपल्याकडे सर्वांत जास्त हीच पायरी गाळली जाते. गुडघ्याखाली दोन्ही पायांना प्लास्टर, घोट्याची दोन्ही हाडं, टाच आणि वरच्या कडेला चांगला कापूस. पाऊल जोर लावून वर ढकलायचं नाही. सावकाश जिथे सहज पोहोचतं तिथे, टाच सरळ रेषेत धरून बसवायचं. पाच ते सात दिवसांनी काढून, त्वचा बघून, मिळालेल्या नव्या कोनात पुन्हा. अशी दोन ते चार प्लास्टरं. गुडघा सरळ असताना अधिक १० अंश मिळाले किंवा लागोपाठ दोन वेळा काहीच वाढलं नाही की थांबायचं. घाईत एकाच वेळी जास्त कोन घ्यायला गेलं की टाचेवर जखम होते किंवा पावलाची कमान मोडून तळवा उलटा फुगतो, आणि पुढची दोन वर्षं तेच निस्तरत बसावं लागतं.

कोल्हापूरच्या पावसात साधं पांढरं प्लास्टर पूर्ण वाळायला दोन दिवससुद्धा लागतात आणि तोवर त्यावर उभं केलं तर ते खचतं. जुलै-ऑगस्टमध्ये करायचं असेल तर फायबरचं प्लास्टर घ्या: महाग पडतं, पण तासाभरात त्यावर उभं राहता येतं. नाहीतर सरळ गणपती झाल्यावरची तारीख घ्या. एवढ्या उशिराने काही बिघडत नाही. घरी रोज चार वेळा पायाची बोटं बघा: नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. बोटं निळी, पांढरी, गार, सुजलेली. न थांबणारं रडं. प्लास्टरमधून वास किंवा ओल. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. गडहिंग्लजला परत जायच्या आधीच ठरवून ठेवा की रात्री प्लास्टर कापावं लागलं तर जवळ कुठे कापून मिळेल.

शेवटचं प्लास्टर काढतील त्याच दिवशी एएफओचं माप द्या. एएफओ तयार व्हायला आठ-दहा दिवस जातात आणि तेवढ्यात मिळालेले अंश निसटायला लागतात. म्हणून ते शेवटचं प्लास्टर फेकू द्यायचं नाही. दोन बाजूंनी कापून दोन भाग करून घ्यायचे, पट्ट्या लावून रात्री तेच वापरायचं. एएफओ पॉलिप्रोपिलीनचा, घोट्याच्या पुढपर्यंत येणारा, घट्ट. घोट्यावर तिरका जाणारा पट्टा हवाच. तोच टाच खाली धरतो, तो नसला तर टाच आत उचलली जाते आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं. पहिल्या दिवशी एक तास, मग आठवडाभरात वाढवत दिवसाचे सहा ते आठ तास. काढल्यावरचे लाल डाग वीस-तीस मिनिटांत गेले पाहिजेत; राहिले तर एएफओ बनवणाऱ्या ऑर्थोटिस्टकडून ती जागा गरम करून मोकळी करून घ्या. गुडघे वाकवून चालत असेल तर बिजागरीचा एएफओ नको, तो गुडघे आणखी वाकू देतो. बूट पूर्ण उघडणारा, वेल्क्रोचा, एक-दोन नंबर मोठा, आतलं सोल काढलेला. एएफओवर कापशी चप्पल किती हौसेने आणलेली असली तरी बसत नाही. आणि दर सहा महिन्यांनी माप तपासा. मूल वाढतं, एएफओ वाढत नाही.

या बारा-चौदा आठवड्यांतला व्यायाम म्हणजे पाय ओढणं नव्हे. हाताने अर्धा-एक मिनिट ताणून स्नायू लांब झाल्याचा पुरावा फार तोकडा आहे. लांबी मिळते ती तासन्‌तास टिकणाऱ्या ताणाने, म्हणजे प्लास्टर, एएफओ आणि उभं राहण्याने. घरच्या वेळेत ताकद वाढवा. चौरंगावर बसवा, पावलं पूर्ण टेकलेली, गुडघे काटकोनात. हात न धरता उठून उभं राहायचं आणि सावकाश, धप्पकन न पडता, बसायचं. आठ ते दहा वेळा, मध्ये विश्रांती, असे तीन फेर, आठवड्यातून तीन दिवस. सोपं झालं की चौरंगाऐवजी पाट, किंवा पाठीवरच्या पिशवीत अर्धा किलो तांदूळ. भिंतीला धरून आडवं चालणं, पायरीवर एक पाय चढवणं-उतरवणं, चेंडूला लाथ मारणं, तीन चाकी सायकल; हे रोजचं. ताकदीच्या व्यायामाने ताठरपणा वाढतो हा जुना समज खोटा ठरलेला आहे. वॉकर मागून ओढायचा घ्या. पुढे ढकलायच्या वॉकरवर मूल पुढे झुकतं आणि खुबे वाकतात. दिवसातून ४५ मिनिटं ते तासभर, पाय थोडे फाकवून, उभं राहायची फ्रेम बरीच उपयोगी. ती मुंबईहून मागवायची गरज नाही. फिजिओथेरपिस्टकडून मापं कागदावर घेतली तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कुठलाही बरा फॅब्रिकेशनवाला बनवून देतो. फक्त गुडघ्याच्या आणि छातीच्या पट्ट्याची जागा सरकवता येईल अशी करून घ्या.

मागे ‘डब्ल्यू’सारखं पाय टाकून बसतो म्हणून दिवसभर ओरडत बसू नका. जेवताना पाटावर बसवा, मांडीमागचे स्नायू आखडलेले असताना जमिनीवर पाय लांब करून बसवलं की पाठीला पोक येतं.

खुबे. ताठ जांघेमुळे मांडीच्या हाडाचा गोळा हळूहळू वाटीबाहेर सरकतो आणि बराच काळ दुखतही नाही. चालू शकणाऱ्या पहिल्या पातळीच्या मुलांत हे जवळपास होत नाही; तिसऱ्या पातळीवर साधारण दर पाचातल्या दोघांत, पाचव्या पातळीवर दहापैकी नऊ जणांत. म्हणून वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी पहिला एक्स-रे आणि नंतर दर सहा ते बारा महिन्यांनी. एक्स-रे काढताना कंबर सरळ, दोन्ही गुडघ्याच्या वाट्या वर, पाय एकमेकांवर चढलेले नाहीत, हे बघा. वाकड्या एक्स-रेवर मोजमाप चुकतं. गोळ्याचा किती टक्के भाग वाटीबाहेर आहे तो आकडा लिहून मागा. ३० च्या वर गेला तर लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांचं मत घ्या, ४० च्या पुढे गेला तर वेळ घालवू नका. बोटॉक्समुळे खुबा सरकायचा थांबत नाही, हे चाचणी करून पाहिलेलं आहे.

टाचेची शीर सोडवणं इतकं सोपं ऑपरेशन आहे की तिथेच घात होतो. दोन्ही पाय ताठ असलेल्या मुलात साडेचार वर्षांचा असताना फक्त टाचेची शीर लांब केली तर दोन गोष्टी होतात. एक, वाढीबरोबर ती पुन्हा आखडते. दुसरी वाईट: जास्त लांब झाली तर पोटरीचा जोर जातो, नडगी पुढे पडते, गुडघे वाकतात आणि दहा-बारा वर्षांचं मूल बसकं चालू लागतं. शिरेचा आखूडपणा नंतरही दुरुस्त होतो, जास्त लांब झालेली शीर दुरुस्त करायला धड उपाय नाही. शक्य असेल तर आठ ते बारा वर्षांपर्यंत थांबून, चालीचं विश्लेषण करून, खुबा-गुडघा-घोटा सगळं एकाच वेळी करायचं. खुबा सरकत असेल तर मात्र थांबायचं नाही. एकाच बाजूला लकवा असलेल्या मुलाचे हिशेब थोडे वेगळे असतात.

यादीत कोणीच न सांगितलेला एक पर्याय तुमच्या मुलाला लागू पडू शकतो: सिलेक्टिव्ह डॉर्सल रायझोटॉमी. कमरेतून पायांकडून येणाऱ्या संवेदी तंतूंपैकी जास्त बिघडलेले निवडून कापतात. पायांची स्पास्टिसिटी कायमची कमी होते. चार ते दहा वर्षं वय, अपुऱ्या दिवसांचा जन्म, फक्त पाय ताठ, डिस्टोनिया नाही, धडाला ताकद, समजून व्यायाम करणारं मूल. निकष असे आहेत आणि तुमचं वर्णन बरंचसं जुळतं. पण कापलेलं परत जोडता येत नाही, लपलेली कमजोरी उघडी पडते, आणि नंतर किमान सहा महिने ते वर्षभर नियमित फिजिओथेरपी लागते. ती गडहिंग्लजजवळ मिळणार नसेल तर ऑपरेशन करू नये. मत घ्यायचं ते अशा शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या मोठ्या केंद्रात. बॅक्लोफेनचा पंप, म्हणजे शरीरात बसवून औषध थेट मज्जारज्जूपाशी सोडणारं यंत्र, हा जास्त गंभीर मुलांसाठी, खर्चिक, दर काही महिन्यांनी पुन्हा भरावा लागणारा. इथे त्याची गरज दिसत नाही.

मालिशने मुलाला बरं वाटत असेल तर तेल जरूर लावा, आईच्या किंवा आजीच्या हातचं. पण पाय धरून जोराने सरळ करणाऱ्याच्या हाती देऊ नका. कमी चालणाऱ्या मुलांची हाडं ठिसूळ असतात आणि गुडघ्याच्या वर मांडीचं हाड असं मोडतं. फिट्सची औषधं चालू असतील तर ड जीवनसत्त्व तपासून घ्या. स्टेम सेलच्या जाहिरातींना भुलू नका: सेरेब्रल पाल्सीत तो मान्यताप्राप्त उपचार नाही, आणि आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अधिकृत चाचणीबाहेर पैसे घेऊन तो देता येत नाही.

उद्या अचानक पाय जास्त ताठ झाले तर गोळी वाढवायच्या आधी कारण शोधा. शौचाला घट्ट होतंय का, हे सर्वांत आधी. दूध-बिस्किटांवर वाढणाऱ्या मुलात बहुतेकदा तेच निघतं. मग किडका दात, लघवीची जळजळ, नखुर्डं, तोकडा झालेला एएफओ, खुब्याचं दुखणं, न कळलेलं फ्रॅक्चर.

खर्चासाठी: यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, काढलेलं नसेल तर ऑनलाइन अर्ज करून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात तपासणीची तारीख घ्या. सेरेब्रल पाल्सी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येते. ते कार्ड हातात आलं की राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचाही खर्च येतो. अंगणवाडीत येणाऱ्या आरबीएसके या सरकारी बाल आरोग्य तपासणी योजनेच्या पथकाकडूनही जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मिळते.

पुढच्या भेटीला जाताना मोबाइलवर तीन व्हिडिओ न्या: अनवाणी समोरून, अनवाणी बाजूने, आणि एएफओ घालून बाजूने. चड्डी आखूड, गुडघे दिसले पाहिजेत, कॅमेरा मुलाच्या कमरेच्या उंचीवर. एका वहीत प्रत्येक भेटीचे दोन्ही कोन, खुब्याचे टक्के, वजन आणि उंची तारखेसह लिहीत चला. पहिल्या बोटॉक्सनंतर सहा महिने होईपर्यंत दुसरं घेऊ नका. वारंवार दिल्याने स्नायू बारीक होतो. दुसऱ्याचा निर्णयही वहीतल्या दोन कोनांतलं अंतर बघून घ्या. अंतर पुन्हा वाढलं असेल तर इंजेक्शनला अर्थ आहे. दोन्ही कोन मिळूनच खाली घसरत असतील तर प्लास्टर पुन्हा करा.